तिसऱ्या खिडकीतलं धुणं

मन एकाग्र होत नसेल तर दोष मनाचा नसून खिडकीचा असतो, हे सर्व जबाबदार संस्थांना फार पूर्वीच कळून चुकलं आहे. आमच्या चॅपेलला ते जरा उशिरा कळलं. डावीकडची तिसरी खिडकी वादळात फुटली आणि काटकसर म्हणून तिथे साधी, आरपार काच बसवली, तेव्हा.

आरपार काचेतून पलीकडचं दिसतं, ही बाब कुणाच्या लक्षात आली नव्हती. पलीकडे धुणंमावशींचं अंगण. मावशी निम्म्या गावाचे कपडे धुतात आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घालतात. पहिल्याच महिन्यात डावीकडच्या बाकांवरची उपस्थिती एकोणीसवरून एकाहत्तरवर गेली (बाकं साठ जणांची आहेत). भक्तीत एवढी वाढ झालेली पाहून समितीला साहजिकच काळजी वाटली.

चौकशी लागली. प्रार्थनेच्या वेळी आपल्याला काय काय दिसतं, ते प्रत्येक सभासदाने लिहून द्यायचं ठरलं. सभासद अकरा, पानं सेहेचाळीस. चादरी नऊ, पैकी एक ठिगळाची. गाऊन गुलाबी, एक. डावी बाही उसवलेली. मोजा निळा, एकच (दुसऱ्याचा शोध तीन सभासद स्वखुशीने घेत आहेत). बनियन एक, भोकं पाच. भोकं चार की पाच यावर बैठक दोनदा तहकूब झाली. शेवटी दुर्बीण आणून पाचवर एकमत झालं. हे सगळं डोळे मिटलेले असताना दिसलं, हे इथे नमूद करायला हवं. प्रत्येक पानावर अध्यक्षांनी 'पाहिले, बरोबर आहे' असं लिहून सही केली.

मग अध्यक्ष स्वतः अंगणात गेले.

"मावशी, तुमची दोरी आमच्या प्रार्थनेत येते."

"मग प्रार्थना जरा वर घ्या की. दोरी खाली घेतली तर चादरी मातीत लोळतील."

"भिंत बांधावी लागेल मग."

"अहो, माझं ऊन साडेआठ ते अकरा, एवढंच. त्यात भिंत आली तर मी लोकांना ओले कपडे द्यायचे? पहिले ओले तुमचेच येतील, सांगून ठेवते."

फादर भला माणूस. त्यांनी मधला मार्ग काढला : भिंतीऐवजी रंगीत काचांची खिडकी. ती समितीच्या मनासारखी झाली तर मावशींचं ऊन राहील, नाही झाली तर भिंत. "म्हणजे माझं पोट काचेवर टांगलंत होय," एवढंच मावशी म्हणाल्या आणि चादर अशी पिळली, की अध्यक्ष दोन पावलं मागे सरले.

रंगीत काच गावातही मिळते. पण शेजारच्याने केलेल्या वस्तूकडे मान वर करून बघायची आपल्याला सवय नाही, म्हणून दोन समुद्रांपलीकडचे कारागीर ठरले. त्यांचं उत्तर चार महिन्यांनी आलं. प्रश्न दोनच : माप काय, आणि खिडकीत काय दिसायला हवं? माप लगेच गेलं. दुसऱ्या प्रश्नावर अकरा सभासदांनी चौदा संत सुचवले. वर्ष गेलं. शेवटी चिटणिसांनी तोडगा काढला : चौकशीची सगळी फाइलच पाठवून देऊ. जाणकार माणसं आहेत, आपलं दुखणं समजून घेतील.

त्यांनी समजून घेतलं. कारागिराच्या मुलीचं पत्र आलं : "लोक आम्हाला 'एक संत, दोन देवदूत' एवढंच लिहितात. इतक्या प्रेमाने, भोकं मोजून केलेली मागणी तीन पिढ्यांत आली नव्हती. वाचताना बाबा रडले." समितीला फार बरं वाटलं. पत्र फ्रेम करून दारात लावलं. (वाचलं कुणीच नीट नाही, फ्रेम मात्र सगळ्यांना आवडली.)

तिसऱ्या वर्षी खोका आला. खिडकी बसली, तिच्यावरचा पडदा बाजूला ओढला, सकाळचं ऊन आत शिरलं आणि नऊ चादरी, गुलाबी गाऊन, एक मोजा नि बनियन झळाळून उठलं. पाच भोकांतून पाच किरण निघाले ते थेट अध्यक्षांच्या टकलावर विसावले.

"भिंत!" अध्यक्ष ओरडले. "आजच्या आज भिंत!"

मावशी मागच्या बाकावर ओले हात पुसत बसल्या होत्या. हात थांबले.

चिटणिसांनी घसा खाकरला. "खोक्यात सूचनापत्रक आहे, साहेब. कलम दोन : खिडकीला बाहेरून ऊन लागलं पाहिजे. समोर पंधरा हातांत काहीही बांधू नये."

"मग परत पाठवा!"

"कसं पाठवणार? भोकं चार निघाली असती तर पाठवता आलं असतं. आपलीच सही आहे, पानोपानी."

फादर काचेवरून मागच्या बाकाकडे वळले. "तुम्हाला कसं वाटतं, मावशी?"

मावशी उठून जवळ गेल्या. "काम छान आहे. फक्त बनियन उलटं घातलंय वाळत. मी असं घालत नाही." मग अध्यक्षांकडे वळून हळूच म्हणाल्या, "आणि साहेब, आता तरी एखादं नवं घ्या."

ऊन वाचलं. दोरीही. वारा सुटला की खऱ्या कपड्यांच्या सावल्या काचेतल्या कपड्यांमागून हलतात आणि परगावचे लोक गुडघे टेकतात. माहितीपत्रकात चादरी म्हणजे क्षमा, गाऊन म्हणजे आशा, असं छापलं आहे. मोज्याचा अर्थ विचाराधीन आहे.

वाचकांनी हसायला हरकत नाही. मात्र आपल्याही घराच्या मागच्या बाजूला कुणाची तरी खिडकी असतेच, आणि तिच्याआड डोळे मिटून बसलेली एखादी समिती. यादी चालू असेल. तेव्हा उद्या कपडे वाळत घालताना जरा झटकून घाला. काचेत गेलेली सुरकुती इस्त्रीने निघत नाही.