नवव्या दिवशी इसिल्डा घरी आली

इसिल्डा मिनीबसमधून उतरली तेव्हा भरदुपारचे बारा वाजले होते आणि डोंगरावरून आलेल्या धुक्यात स्वतःची पावलंसुद्धा दिसत नव्हती. अंगात पांढरा झगा, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. किंग्स्टनच्या इस्पितळात मोतीबिंदू काढायला म्हणून गेलेली. डोळा चिघळला आणि दोनाचे नऊ दिवस झाले. जाताना कुणाला सांगितलं नव्हतं. डोक्यावर कंदांची टोपली वाहून एकटीनं पोर वाढवलेली बाई ती, मदत मागायची सवयच नव्हती.

वळणावर शेजारीण मर्लिन मासे तळत होती. हिचं तोंड एरवी झोपेतही बंद नसायचं.

"काय गं मर्लिन, बरी आहेस ना?"

मर्लिननं वर पाहिलं आणि झारा तेलात पडला. तिनं अंगातला एप्रन काढला, उलटा करून घातला आणि धूम ठोकली.

"अगं ए मर्लिन!"

मर्लिन आणखीच जोरात पळाली. भुतानं हाक मारली तर ओ द्यायची नाही आणि कपडे उलटे घालायचे, हे त्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

घरापुढे ताडपत्री ठोकलेली, बाकं मांडलेली, रमच्या बाटल्या तयार. भल्यामोठ्या स्पीकरमधून रेगेच्या संथ ठेक्यावर एक ओळखीचा आवाज येत होता. तिचाच लेक, रॅन्सफर्ड! "खरवड तू खाल्लीस, भात मला वाढलास, बाप गेला, तू राहिलीस, आई, आता मातीत निवांत झोप..."

"मातीत?" इसिल्डा पुटपुटली आणि मागच्या दारानं आत शिरली.

खोलीत पलंगाचं डोकं पायथ्याशी, कपाट भलत्याच भिंतीला, आरशावर चादर. मेलेल्याची खोली नवव्या दिवशी अशीच फिरवतात, आत्म्याला ती ओळखू येऊ नये म्हणून. इसिल्डानं स्वतः किती जणांच्या खोल्या फिरवल्या होत्या! आता तिचाच गुडघा पलंगाला थडकला. खरं सांगायचं तर ती मनातून पार हादरली. इस्पितळाच्या टेबलावर डोळा मिटला होता; तो पुन्हा उघडला तरी का?

कोपऱ्यात रॅन्सफर्ड गुडघ्यात डोकं घालून बसला होता. त्यानं मान वर केली आणि किंचाळला, "आई! मीच मारलं गं तुला!"

"तू? कधी?"

"गाण्यात! रेकॉर्डिंगवाला म्हणाला, जिवंत आईचं गाणं कोण ऐकतंय, शेवटी तिला मारून टाक. मी मारलं. मग लाज वाटली, म्हणून तुला सांगायला आलो, तर दाराला कुलूप, आणि कितीतरी दिवसांत तुला कुणी पाहिलेलं नाही! गावानं रेडिओवर गाणं ऐकलेलं, लोक म्हणाले, पोरगा खोटं कशाला गाईल? मांडवसुद्धा घातला. मला वाटलं, माझं गाणं खरं झालं."

"मेल्या, डोळा काढायला... म्हणजे मोतीबिंदू काढायला गेले होते मी! एक थोबाडीत देऊ?"

"दे. पण हात आरपार गेला तर?"

हात आरपार गेला नाही. आवाज अंगणापर्यंत गेला.

त्या आवाजानं मर्लिन दारात आली. हात लांब करून तिनं खारवलेल्या माशाची बशी पुढे सरकवली. "मिस इसी, राग मानू नकोस. भूत मिठाला शिवत नाही. एवढं खाऊन दाखव."

नऊ दिवस इस्पितळाचं अळणी जेवलेली इसिल्डा! बशी चाटूनपुसून साफ झाली. "आणखी आहे?" तिनं विचारलं, तेव्हा कुठे मर्लिननं तिला मिठी मारली आणि अंगणात जमलेल्या लोकांत हशा पिकला.

एवढ्यात धुक्यातून हंबरडा ऐकू आला. "इसी गं! मला टाकून कुठे गेलीस!"

काळा सूट घातलेला व्हॅसेल. रॅन्सफर्डचा बाप. पोर सहा महिन्यांचं असताना रॉकेल आणतो म्हणून जो गेला, तो तीस वर्षांनी आज उगवला होता. "गाणं ऐकलंत ना?" तो दिसेल त्याला सांगत होता. "गळा माझा घेतलाय पोरानं. सगळं मीच शिकवलं."

इसिल्डानं तोंड पुसलं. आरशावरची चादर खांद्यावर घेतली आणि धुक्यात जाऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"व्हॅसेल," ती हळूच म्हणाली, "रॉकेल आणलंस?"

व्हॅसेलनं मर्लिनचा दंड धरला. "ती... ती दिसतेय ना तुम्हाला?"

"कोण?" मर्लिन म्हणाली.

एक बूट अंगणातच राहिला, बाकीचा व्हॅसेल दरीच्या वाटेनं दिसेनासा झाला.

लोक पोट धरून हसत होते. रॅन्सफर्ड मात्र मान खाली घालून आईजवळ आला. "चुकलो गं. उद्याच्या उद्या रेडिओवर सांगतो, आई जिवंत आहे. गाणंही बदलतो."

इसिल्डानं त्याच्या सुजलेल्या गालावरून हात फिरवला. तिचा उघडा डोळा भरून आला होता.

"काही बदलू नकोस," ती म्हणाली. "जिवंतपणी तीस वर्षं मी तुझ्या बापाची वाट पाहिली. आता जरा त्याला माझ्या भुताची पाहू दे. आवाज वाढव, दरीपर्यंत जाऊ दे."