बंद असल्याची खात्री

"पोरी, जिला बटान न्हाय आसली वस्तू हापिसात ठिवू नगं," सासूबाई मायाक्कांनी मोडनिंबहून आल्या आल्या पूनमला बजावलं होतं. पूनमनं त्यांना मोबाइलवर आपल्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीचा फोटो दाखवला होता, एवढंच.

"बटण लागतच नाही आत्या. यात उजेडच उजेडाला अडवतो."

"व्हय, पर सायबाला कोन अडवायचं?"

पूनम हसली आणि लेकीला कडेवर घेऊन कामाला लागली.

नळीत रुबिडियम धातूची वाफ होती. एक लेसर तिच्यात सोडला की ती तो गिळून टाकी. दुसरा लेसर आणि सूक्ष्मलहरी नेमक्या मेळात सोडल्या, की तीच वाफ पहिल्याला वाट देई. सोलापूरच्या त्या महाविद्यालयात इतकं नाजूक काही प्रथमच घडत होतं. पूनमनं कौतुकानं दारावर पाटी लावली: 'प्रकाशीय स्विच'. आणि त्याच दुपारी नळी विद्युत विभागाच्या अखत्यारीत गेली.

कारण दिवाळीच्या सुट्टीभर प्राचार्यांच्या दालनातला पंखा एकटाच फिरत राहिला होता. तेव्हापासून परिपत्रक होतं: आवारातील प्रत्येक स्विच बंद स्थितीत प्रत्यक्ष पाहिला गेल्याशिवाय संबंधित कर्मचाऱ्याने इमारत सोडू नये. प्राचार्यांचं दालन वगळून.

संध्याकाळी विद्युत पर्यवेक्षक मल्लप्पा टॉर्च घेऊन आले. पूनमची पर्स खांद्याला होती. होटगी रस्त्यावरचं पाळणाघर सहाला बंद होई आणि दीड वर्षाची संस्कृती साडेपाचपासूनच दाराकडे बघत बसे.

"म्याडम, बंद केलात काय?"

"केलं. दोन्ही लेसर, सूक्ष्मलहरी, सगळं."

मल्लप्पांनी वाकून नळीत डोकावलं. "काहीच दिसेना की."

"बंद आहे म्हणून दिसत नाही."

"असं कसं? स्विच बंद म्हंजे उजेड अडायला पायजे. उजेडच न्हाय, तर अडतोय ते मी कसं बघू?"

मुद्दा बिनतोड होता. पूनमनं पहिला लेसर लावला. वाफेनं तो गिळला. पलीकडे पोचणारा उजेड दाखवणारी पडद्यावरची रेषा आडवी पडली.

"हां, आता बंद हाय!" मल्लप्पांनी पेन काढलं, आणि थबकले. "पण लेसर चालू हाय की. यंत्र चालू ठेवून जाता येत न्हाय."

पूनमनं लेसर बंद केला.

"आता परत दिसेना."

पूनमनं दारावरची पाटी उपटायला हात घातला. पाटी काढायला वेगळी परवानगी लागत होती. तिनं विभागप्रमुखांना फोन लावला. ते भारावले. "अत्यंत मूलभूत प्रश्न आहे, पूनम! यावर शोधनिबंध होईल." त्यांनी तत्काळ समिती नेमली. समितीचा निर्णय होईपर्यंत संबंधित कर्मचाऱ्यानं नळीजवळ हजर राहावं, असंही ठरलं. मग ते घरी गेले. मल्लप्पाही निघाले, त्यांचे बाकीचे सगळे स्विच नीट बंद होते. फाटकावरच्या रखवालदाराला सांगायला मात्र ते विसरले नाहीत: "म्याडमना सोडू नका. त्यांचं अजून दिसायचं हाय."

पूनमचा फोन वाजला. पाळणाघराच्या अंबुबाई होत्या.

"ताई, समदी लेकरं गेली. हिला कुणाकडं देऊ?"

"मावशी, हिचे बाबा करमाळ्याला गेलेत, सासूबाई गावी परतल्यात. थोडा वेळ तुमच्याजवळच ठेवा ना."

"ठिवते की. पर सायबांचा नेम हाय, कुलूप लावल्याबिगर मला जाता येत न्हाय. आन् आत लेकरू आसंल तर कुलूप लावता येत न्हाय."

"मग?"

"मग काय! तिला भाईर पायरीवर बसवलंय आन् कुलूप लावलंय. आता जायला मोकळी हाय, पर पाय निघंना बगा."

पूनम अजून नळीपाशीच आहे. समितीचा एक सदस्य रजेवर आहे.

तुम्ही होटगी रस्त्यानं जाणार असाल, तर त्या पायरीकडे जरा बघून याल का? पिवळ्या झबल्यातली पोर आहे. तिनं काही खाल्लंय का, रडत तर नाही ना, अंबुबाई अजून आहेत ना, एवढंच. या कामासाठी तुमचं नाव कुठल्याच आदेशात नाही, हे पूनमला ठाऊक आहे. म्हणून ती आधीच विचारतेय: तसेच जाल, की तुम्हालाही लेखी लागेल?