हात खाली ठेवणाऱ्यांच्या मॅडम

इंगळे मॅडमच्या वर्गात हात वर करायला बंदी आहे.

दर्यापूरच्या आमच्या शाळेत नवीन आलेल्या माणसाला हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर पाचवीच्या वर्गासमोरून जाताना तो घाबरतो. आत मॅडमनी प्रश्न विचारलेला असतो, मुलं हाताची घडी घालून बसलेली असतात, मॅडम खिडकीला टेकून उभ्या असतात आणि कोणीही काहीही बोलत नसतं. आमच्या नव्या शिपायानं तर कोणीतरी वारलं समजून दारातच टोपी काढली होती.

"हात वर करनारे पोट्टे मले माहीत हायेत," मॅडम म्हणतात. "उत्तर येते म्हनूनच हात वर करून राहिले नं ते? मंग त्याईले इचारून काय भेटते मले?"

म्हणून सगळ्यांचा विचार करून झाला की मॅडम ज्याची मान सर्वात खाली असेल त्याचं नाव घेतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवतो. त्यांचं एक उत्तर येईस्तोवर माझी दोन उदाहरणं सुटतात. "घाई कोनाले हाये?" असं त्या येताजाता विचारतात. अभ्यासक्रमाला आहे, असं मी एकदा म्हणालो.

"मंग त्याले जाऊ द्या पुढं," मॅडम म्हणाल्या. "आमी येतो मांगून."

शिक्षकांच्या सभेतही तेच. मुख्याध्यापकांनी "कोणाला काही बोलायचंय का?" असं विचारलं की मॅडम चित्रकलेच्या सरांकडे बघत शांत बसतात. सर बिचारे आता सभेच्या दिवशी रजा टाकतात.

दिवाळीनंतर त्यांच्या वर्गात फुलवंती आली. आईबाप मेळघाटातले, गावाबाहेरच्या वीटभट्टीवर कामाला. घरी कोरकू बोलायची, आणि मराठी समजत असली तरी वर्गात एक शब्द उच्चारत नसे. मॅडम रोज तिला एक प्रश्न विचारायच्या, थांबायच्या, आणि "उद्या सांग" म्हणून पुढे जायच्या. तेवढ्या वेळात सई नावाची मुलगी बाकावर नुसती तळमळायची. सईला सगळं यायचं. सईचे वडील वकील.

वकीलसाहेबांनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली. हुशार मुलीचं नुकसान होतंय, वर्ग बदलून द्या.

"एक दिवस येऊन बसा नं भाऊ," मॅडम त्यांना म्हणाल्या. "मंग बदला."

वकीलसाहेब आले. शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. मीही माझ्या वर्गाला गणितं देऊन दारात उभा राहिलो, कारण मुख्याध्यापक तिथे उभे होते आणि त्यांना आधाराची गरज दिसत होती.

मॅडमनी विचारलं, "फुलवंती, नदी कुठून निंगते?"

वकीलसाहेब घड्याळ बघायला लागले. मुख्याध्यापक वकीलसाहेबांकडे बघायला लागले. मग फुलवंती उठली आणि काहीतरी बोलली. कोरकूत. अख्ख्या वर्गाला एक अक्षर कळलं नाही.

"मले नाही समजलं," मॅडम म्हणाल्या. "कोनाले समजलं?" कोणालाच नाही. त्यांनी खडू पुढे केला. "बाई, कोरकूत मी कच्ची हावो. काढून दाखव."

फुलवंतीनं डोंगर काढला. डोंगरात एक दगड. दगडाखालून एक बारीक, थरथरती रेघ.

"झरा!" सई ओरडली. "मॅडम, ते झरा म्हणून राहिली!" आणि पळत फळ्याशी जाऊन तिनं फुलवंतीला विचारलं, "तुझ्यात झऱ्याले काय म्हनतेत?"

वकीलसाहेब मुलीकडे बघत राहिले. सईनं कोणाला काही विचारलेलं त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. जाताना ते म्हणाले, "बाकी ठीक आहे मॅडम, पण फार हळू चालतं सगळं."

"तुमच्या कोर्टापेक्षा?" मॅडमनी विचारलं.

वर्ग बदलायचा विषय पुन्हा निघाला नाही. हळूहळू फुलवंती मराठीत इतकी बोलू लागली की मॅडमना तिला गप्प बसवावं लागे. ते काम त्या खुशीत करत.

उन्हाळ्यात भट्टी बंद झाली आणि फुलवंतीचे आईबाप गावी निघाले. मॅडमनी तिच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींना फोन करून पोरीचं नाव घालायला सांगितलं, तिला उत्तराला वेळ द्या म्हणून बजावलं, आणि मला म्हणाल्या, "गाडी काढा सर. स्टॅन्डवर जाऊन येऊ."

परतवाड्याची बस लागलेली होती. मॅडम आत चढल्या, मी खाली खिडकीशी उभा राहिलो. फुलवंतीच्या हातात चिवड्याचा पुडा दिला, पुस्तकं भिजवू नको म्हणाल्या, उलटी झाली तर खिडकीकडं बस म्हणाल्या. बोलण्यासारखं सगळं संपलं तरी त्या उभ्याच.

"मॅडम," फुलवंतीनं विचारलं, "तुमच्या घरी कोन हाये?"

"मीच हावो."

"अजून?"

"अजून कोनी नाही, बाप्पा."

फुलवंतीनं थोडा विचार केला. मग पुडा मांडीवर घेऊन ती आईला अगदी चिकटली आणि शेजारच्या जागेवर हात ठेवून म्हणाली, "मंग चला नं आमच्या गावाले."

"मॅडम, येता का उतरता?" कंडक्टर ओरडला.

मॅडम उतरल्या. बस गेली. आम्ही गाडीपर्यंत चालत आलो. मी किक मारणार, तेवढ्यात त्यांनी खांद्यावर हात ठेवून मला थांबवलं.

"सर, तुमी खाली हुभे होते. तुमाले दिसलं असन. खरंच सरकली होती नं ते?"

"हो."

"मले बसता येईन एवढी?"

"आरामात," मी म्हणालो.