कोऱ्या चहाची झिंग

नांदेड जिल्ह्यातली दारू येत्या दिवाळीच्या आत बंद पडणार, याबद्दल सुदर्शनच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सरकारला जे जमलं नाही, ते तो पाच मिनिटांच्या लघुपटानं करून दाखवणार होता!

विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता तो. पण इंजिनिअर होणं त्यानं निव्वळ वडिलांच्या समाधानासाठी पत्करलं होतं. मनातून तो दिग्दर्शक. नांदेडच्या एका मंडळानं व्यसनमुक्तीवर लघुपटांची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा हॉस्टेलच्या मेसमध्ये ताटावर चमचा आपटून तो गरजला, "बार ओस पडतील, बार! लोकं वाईन शॉपमधी जाऊन दूध मागतील!"

लेखक तो, दिग्दर्शक तो, नायकही तोच. कॅमेरा म्हणजे वर्गातल्या लुंबिनीचा मोबाईल, आणि तो धरायला लुंबिनी.

अडचण एकच होती. सुदर्शननं जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता. त्याचे वडील शेषेराव मुखेडजवळच्या गावात शेती करायचे, आणि घरात सुपारीचं खांडसुद्धा येऊ द्यायचे नाहीत. दारू पितात कशी, हे सुदर्शनला फक्त पडद्यावरून ठाऊक. आणि पडद्यावर ते फारच देखणं असायचं! माणूस गच्चीच्या कठड्याला टेकतो, वारा नेमका त्याच्याच केसांतून जातो, ग्लासात बर्फ किणकिणतो, आणि जी सोडून गेली तिचा चेहरा चंद्रात दिसतो.

"असं नसतं रे सुद्या," लुंबिनी म्हणाली. "माझा लोह्याचा मामा प्यायचा. तो काही कधी गच्चीत गेला न्हाई. नालीकडंला पडायचा, एक चप्पल हरवायचा, आन् मामी ती हुडकत गावभर फिरायची."

"नाली? लोकं काय नाली बघायला बसतात का? आधी त्यांना ओढायचं, मंग शेवटी धक्का द्यायचा!"

"आन् शेवटापर्यंत थांबलेच न्हाईत तर?"

"माझा चेहरा सोडून जातील कुठं?"

शूटिंग हॉस्टेलच्या गच्चीत झालं. ग्लासात कोरा चहा. बर्फ मेसच्या फ्रीजमधला, त्याला मटकीच्या उसळीचा वास. वाऱ्यासाठी दोन पोरं पुठ्ठे हलवत उभी. काळा गॉगल, शर्टाची वरची बटणं उघडी, आणि सुदर्शन तो चहा घशाखाली उतरवताना असे काही डोळे मिटायचा, की पुठ्ठेवाली पोरं हात थांबवून आवंढा गिळायची! शेवटच्या अर्ध्या मिनिटात मात्र नायक मरायचा. फोटोला हार चढायचा आणि अक्षरं यायची: दारू सोडा, संसार जोडा.

लघुपट मोबाईलवर झळकला. पण कुणा रिकामटेकड्यानं त्याला कात्री लावली. मरण कापलं, हार कापला, 'दारू सोडा' कापलं. राहिला नुसता सुदर्शन, गॉगल आणि ग्लास. 'मद्यपान आरोग्यास हानिकारक' ही बारीक ओळ कोपऱ्यात होती खरी, पण तिच्यावर लोकांनी टाकलेल्या बदामांचा खच पडला होता.

आठवड्यात तो तुकडा नांदेडहून लातूरला पोचला. तिथं क्लासेसला राहिलेली पोरं लिंबूपाणी घेऊन, डोळे मिटून, आपापले व्हिडिओ काढायला लागली. ज्यांनी कधी खोकल्याचं औषधही धड घेतलं नव्हतं, ती पोरं 'गम विसरायला' स्टीलचे ग्लास हलवू लागली! इकडं मेसमध्ये ताकाची वाटीसुद्धा कुणी सरळ पिईना.

एक दिवस पहिल्या वर्षाचं एक पोरगं येऊन सुदर्शनच्या पायाच पडलं. "सर, सुरुवात कोणत्या ब्रँडनं करावी?"

"अरे येड्या, तो कोरा चहा होता!"

"कळलं सर, कळलं!" म्हणत पोरानं डोळा मारला.

त्या दिवसापासून अख्ख्या हॉस्टेलात दारूला 'कोरा चहा' असं नाव पडलं.

खरा दणका पुढंच होता. शेषेराव विहिरीवरच्या मोटारीचा एक सुटा भाग आणायला एसटीनं नांदेडला निघाले होते. लोह्याला गाडी थांबली, त्यांनी सहज खिडकीबाहेर बघितलं, आणि पोटचं पोरगं त्यांच्याकडं गॉगलमधून बघत होतं! ट्रकाएवढा बोर्ड! हातात ग्लास आणि खाली अक्षरं: 'दुःख तुमचं, बर्फ आमचा. भुजंगशेठचा चांदणं बार.'

मोटारीचा भाग राहिला बाजूला. शेषेराव तडक विष्णुपुरीला उतरले.

"काय व्हतं रे त्या ग्लासात?" हॉस्टेलच्या फाटकातच त्यांनी गाठलं.

"आईशप्पथ दादा, कोरा चहा!"

बाजूनं दोन पोरं चालली होती. एक हसून म्हणालं, "काका, काळजी करू नका. इथं सगळे कोराच घेतात!" दुसरं म्हणालं, "शनिवारी तर लईच!"

शेषेरावांचा हात पायातल्या वहाणेकडं गेला. तेवढ्यात लुंबिनी धावत आली आणि तिनं अख्खा लघुपट त्यांच्यापुढं धरला. शेषेरावांनी तो श्वास रोखून बघितला. पोरगं मेलं, हार चढला, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला.

"मेलास ते बघून बरं वाटलं," ते म्हणाले. मग जरा घुटमळले. "पन त्याच्या आधी तू इतका राजबिंडा दिसलास, सुदर्शन... खोटं कशाला बोलू, मलाबी एक घोट घेऊन बघावा वाटला!"

स्वतःचंच बोलणं ऐकून ते दचकले आणि त्यांनी गालावर मारून घेतलं. "तो बोर्ड मी उतरवतो. चार माणसं घेऊन जातो भुजंगकडं. तू फक्त पुन्हा पिल्याचं सोंग करू नको!"

सुदर्शननं कान पकडले. वडील गेले.

"बोर्ड उतरंल," लुंबिनी म्हणाली, "पोरांच्या डोक्यातलं कसं उतरंल?"

पायाला हात लावणारं ते पोरगं काही केल्या सुदर्शनच्या डोळ्यांपुढून हलेना.

"चल," तो म्हणाला. "तुझ्या मामाचा शिनेमा करू."

आता दिग्दर्शक लुंबिनी. लोह्याचा आठवडी बाजार. सुदर्शनला तिनं चिखलानं माखलं, एक चप्पल काढून घेतली, आणि नालीच्या कडेला आडवा पाडला. स्वतः लसणाच्या पोत्यांआड मोबाईल धरून बसली. माणूस पडला की लोक कसे बघतात, हे टिपायचं होतं.

पण कुणी बघेचना! माणसं त्याला ओलांडून जात होती. एका बाईनं तर त्याच्या पोटावर पिशवी टेकवून वांग्यांचा भाव केला!

शेवटी एक म्हातारा झुलत आला आणि शेजारी धप्पकन बसला. हा दगडोबा. त्याची मात्र खरीच झाली होती.

"लेकरा," दगडोबानं त्याच्या कपाळावर हात ठेवला, "कामून पितोस रे या वयात?"

सुदर्शन मन लावून बरळला.

"मी सोडली व्हती," दगडोबा सांगू लागला. "पोळ्यापासून शिवली न्हाई. मंग नातवाच्या मोबाईलमधी एक पोरगं दिसलं. गच्चीत उभं. काय पितंय, काय दिसतंय! वाटलं, आपुन उगंच सोडली."

सुदर्शनचं बरळणं थांबलं. नालीचा वास आत्ता कुठं नाकात शिरला.

दगडोबानं वाकून बघितलं. "तुझं तोंड लई वळखीचं वाटून राहिलंय."

"तो मी न्हाई!" म्हणत सुदर्शन ताडकन उठला. "चला बाबा, तुम्हाला घरी सोडतो."

त्यानं म्हाताऱ्याचा हात खांद्यावर घेतला. एका चपलेवर तो लंगडत होता, दगडोबा झुलत होता. दोघं डावीकडं जात, मग उजवीकडं जात. आणि समोरून, भुजंगशेठला 'आमचं पोरगं तसलं न्हाई' हे पटवायला निघालेले शेषेराव, गावची चार माणसं मागं घेऊन आले!

"दादा, शूटिंग हाय! ते बघा, कॅमेरा!"

लुंबिनी लसणाच्या पोत्यांआडून रडवेल्या चेहऱ्यानं बाहेर आली. "सुद्या, मोबाईल मगाशीच उन्हानं तापून बंद पडलाय. काहीच आलं न्हाई."

शेषेरावांचं तोंड पांढरंफटक पडलं. गावची चार माणसं एकमेकांकडं बघू लागली. तेव्हा दगडोबा पुढं झाला.

"मालक, पोराला मारू नका! नवीन हाय अजून. मी समजावलंय त्याला चांगलं. सोडतो म्हनलाय!"

शेषेरावांचे डोळे भरून आले. त्यांनी त्या झुलणाऱ्या म्हाताऱ्यापुढं हात जोडले. "लई उपकार झाले, बाबा!" मग पोराकडं वळून ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "सोडली म्हण! या चौघांच्या देखत म्हण!"

सुदर्शननं लुंबिनीकडं बघितलं. ती दुसरी चप्पल शोधायच्या निमित्तानं खाली वाकली होती आणि तिचे खांदे हसून हसून गदगदत होते.

"सोडली, दादा," तो म्हणाला.

आणि जन्मात कधी न धरलेली दारू सुदर्शननं लोह्याच्या भर बाजारात, चार गाववाल्यांच्या आणि एका दारुड्याच्या टाळ्यांच्या गजरात, कायमची सोडली!