नावाचा पुरावा

निवृत्तीच्या दिवशी वहिनींनी दादांकडे एकच मागणी केली होती: आता निदान घरात तरी वही-पेन्सिल बाजूला ठेवा. दादांनी दोन मिनिटं विचार केला आणि ठरवलं, ठेवायची नाही. निर्णय एवढासाच. पण त्यापायी पुढे माळ्यावरची फळी खाली आली, सख्ख्या बहिणीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची वेळ आली, आणि एका दोन महिन्यांच्या बाळासमोर दादांना हात जोडावे लागले.

दादा तेहतीस वर्षं कोर्टाच्या बातम्या देत होते. शॉर्टहँडचा हात असा, की साक्षीदार शिंकला तर शिंकही वहीत यायची. कचेरीत त्यांना 'शब्दशः' म्हणत. ("शब्दशः आले का?" "शब्दशः जेवायला गेलेत.") या टोपणनावाचा त्यांना अभिमान होता. त्याहून मोठा अभिमान एका गोष्टीचा: तेहतीस वर्षांत त्यांच्या एकाही बातमीवर खुलासा छापावा लागला नव्हता. नवी ओळख झाली की हे ते तिसऱ्या वाक्यात सांगत. घाई असली तर पहिल्याच.

कोर्टाची वही वेगळी आणि घरची वही वेगळी. घरच्या वहीत फोनवरची बोलणी, पाहुण्यांची मुक्ताफळं, जेवणाबद्दलचं स्वतःचं खासगी मत, सगळं तारीख-वेळेसह. लिहायचे बिनधास्त, कारण घरात शॉर्टहँड वाचणारं कुणी नव्हतं. (वहिनी आणि ते लघुलेखनाच्या वर्गातच भेटले, हे खरं. वहिनी परीक्षेत पहिल्या आल्या, हेही खरं. दादा सतरावे आले, कारण त्यांची पेन्सिल मोडली. वर्गात अठरा जण होते. पण पस्तीस वर्षांत वहिनींनी शॉर्टहँडची एक रेघ ओढलेली त्यांनी पाहिली नव्हती. तेव्हा ते सगळं गंजून गेलं असणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.)

तर मंगळवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी धाकटीचा फोन आला. धाकटी म्हणजे दादांची बहीण. वय छप्पन्न. तिच्या मुलाला दोन महिन्यांपूर्वी मुलगी झाली होती आणि इतके दिवस सगळे तिला 'बाळ' म्हणूनच काम भागवत होते.

"दादा, ठरलं एकदाचं नाव!" आणि तिने ते नाव सांगितलं.

दादांच्या पेन्सिलीचं टोक टक्कन मोडलं.

(ते नाव इथे छापत नाही. आधीच दोन दावेदार आहेत, तिसरा नको. तीन अक्षरी आहे आणि मुलगा-मुलगी कुणालाही शोभेल असं आहे, एवढं पुरे.)

"ते नाव आमचं आहे," दादा म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या लेकीच्या बाळाचं! सातवा लागलाय तिला. नाव पाच महिन्यांपूर्वीच ठरलंय. मी सुचवलंय."

"तू? अरे, ते नाव तर मी तुला सांगितलं होतं! सुनेची बातमी द्यायला फोन केला होता, तेव्हा."

"साफ खोटं! मी तुला सांगितलं होतं. तू चोरलंस!"

"नाव काय बागेतला पेरू आहे, कुंपणावरून हात घालून तोडायला?"

"पुरावा दे!"

"मी कशाला देऊ? तूच सगळं लिहून ठेवतोस ना? काढ वही."

"काढतोच! रविवारी ये. सगळ्यांसमोर शब्दशः वाचून दाखवतो. हरलीस तर नाव सोडायचं."

"आणि तू हरलास तर?"

"मी? माझ्या बातमीला तेहतीस वर्षांत..."

"एकही खुलासा नाही, माहीत आहे. हरलास तर पहिला लिहायचा. बाळाच्या नावाने, आणि तिच्यासमोर वाचून दाखवायचा."

"कबूल!" म्हणून दादांनी फोन असा आपटला, की शेजारची फुलदाणी पाणी सांडून मोकळी झाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर दादांचा संताप नुसताच विनोदी वाटेल. त्यांच्या लेकीने आयुष्यात बापाचं काही ऐकलं नव्हतं. बापाने सांगितलेला अभ्यासक्रम, नोकरी, घराचा रंग, सगळं तिने ऐकून घेतलं आणि हवं ते केलं. एकच अपवाद. पाच महिन्यांपूर्वी दादांनी जेवता जेवता ते नाव सुचवलं, आणि लेक घास तसाच हातात धरून म्हणाली, "बाबा, काय सुंदर नाव आहे हो!" तेव्हापासून ती पोटाशी त्याच नावाने बोलायची. "लाथ मारू नकोस रे" म्हणतानाही नाव घ्यायची. ते ऐकलं की दादा वर्तमानपत्राआड तोंड लपवत. अठ्ठावीस वर्षांत बापाची एक गोष्ट लागू पडली होती आणि धाकटी ती पळवून नेणार? डोळ्यांदेखत?

लेक म्हणाली, "बाबा, दोघांचं एकच असलं तर बिघडलं कुठे?"

"एका घरात दोन? मी हाक मारली की दोघं धावत येतील!"

"आम्ही कधी आलो होतो तुम्ही हाक मारल्यावर?"

"तू यात पडू नकोस. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

बाळाचं नाव हा आईबापांचा प्रश्न असतो. ज्या क्षणी तो आजोबांच्या तत्त्वाचा होतो, त्या क्षणी घरातली शहाणी माणसं आपापल्या खोलीत निघून जातात. लेक गेली. वहिनी थांबल्या, कारण स्टूल धरायला कुणीतरी हवं होतं.

भरलेल्या वह्या माळ्यावर होत्या. मुखपृष्ठावर तारखा, त्यामुळे शोधायला सोपं. पण खोकी एकावर एक रचलेली, आणि हवं ते खोकं नेहमीप्रमाणे तळाशी. बुधवारी दादांनी तीन खोकी उतरवली. गुरुवारी चौथं ओढताना फळीने अंग टाकलं आणि पस्तीस वर्षांचं कौटुंबिक वाङ्मय दादांच्या डोक्यावरून जमिनीवर आलं.

"लागलं का हो?" वहिनींनी विचारलं.

"फळी कुणी ठोकली होती?" दादा धुळीतून गरजले.

"तुम्ही."

"मग लाकूड वाईट होतं!"

शुक्रवार-शनिवार शिंका देण्यात आणि मुखपृष्ठं चाळण्यात गेले. वहिनी दोनदा म्हणाल्या, "अहो, राहू दे. बहीण आहे ती. फोन करा आणि मिटवून टाका." दादांनी दोन्ही वेळा त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ते फितूर साक्षीदारासाठी राखून ठेवत.

रविवारी सकाळी वही सापडली. गेल्या वर्षीची, बरोबर त्या आठवड्याची. दादांनी पानं उलटली आणि ते पान मिळालं. वर धाकटीचं नाव, तारीख, वेळ. मधोमध ती तीन अक्षरं, शॉर्टहँडच्या एका डौलदार वळणात. समासात काहीतरी बारीक खरडलेलं होतं, असेल आपलंच. दादा आनंदाने ओरडले, पानात कागदाची चिठ्ठी घातली, आणि तेवढ्यात दाराची घंटा वाजली. पान पुरतं वाचायचं राहून गेलं. (अर्धवट वाचून बातमी देणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. असो.)

धाकटी आली. भाचा आला. भाच्याच्या खांद्यावर ते वादग्रस्त बाळ, गाढ झोपलेलं. लेक खुर्चीत, पाय स्टुलावर. वहिनी चहा गाळत होत्या. दादा टेबलाच्या टोकाला उभे राहिले, चष्मा पुसला, घसा साफ केला.

"मामा, बसून वाचा ना," भाचा म्हणाला.

"साक्ष उभ्याने होते!" दादा कडाडले. बाळाने एक डोळा उघडला आणि मिटला.

"वाचतो. शब्दशः. 'धाकटी: दादा, ऐकतोस ना? दादा: बोल. धाकटी: दाढ फार ठणकतेय. दादा: डॉक्टरकडे जा. धाकटी: गेले होते, तो म्हणतो काढावी लागेल. दादा: मग काढ...'"

"दाढ सोड, नावावर ये!"

"मध्ये बोलायचं नाही! 'धाकटी: बरं, आनंदाची बातमी आहे. सुनेला दिवस गेलेत. दादा: वा! धाकटी: आणि मी नावही शोधून ठेवलंय. मुलगा होवो की मुलगी...'" पुढे ते नाव होतं. दादांनी ते वाचलं. जीभ तेहतीस वर्षांच्या सवयीने पुढे धावली होती, ती आता जागच्या जागी थांबली.



"पुढे?" धाकटी म्हणाली.

दादांनी पुढची ओळ पाहिली. मग पुन्हा पाहिली. समोर लेक त्यांच्याकडे पाहत होती, एक हात पोटावर. आणि ज्या माणसाने कधी कुणाच्या तोंडी एक शब्द जादा घातला नाही, त्याने घसा खाकरला आणि वाचलं, "'दादा: काय योगायोग! हेच नाव माझ्याही मनात कधीचं आहे.'"

"असं नाही लिहिलंय," वहिनी म्हणाल्या.

गाळणी हातात धरून त्या दादांच्या खांद्यामागे उभ्या होत्या.

"तुला काय कळतंय त्यातलं?" दादा खेकसले.

"वहिनी, तू वाच," धाकटी म्हणाली.

वहिनींनी वही घेतली आणि बाराखडी वाचावी तशी वाचत गेल्या. "'दादा: हे काय माणसाचं नाव आहे? असलं नाव पंख्याच्या कंपनीला असतं. धाकटी: मला आवडलंय. दादा: तुला काहीही आवडतं. कुणी हे नाव ठेवलं तर मी त्या पोराला जन्मात हाक मारणार नाही. धाकटी: लिहून ठेव हे. दादा: लिहितोच आहे.'"

भाचा हसू दाबायला बाळाच्या दुपट्यात तोंड खुपसून उभा राहिला. धाकटी मात्र हसली नाही. हसली असती तर परवडलं असतं. ती एवढंच म्हणाली, "पंख्याची कंपनी. मला फोन ठेवल्यावर रडू आलं होतं, माहीत आहे? आणि चार महिन्यांनी तेच नाव स्वतःचं म्हणून लेकीला देऊन टाकलंस."

"मला... डोक्यात कुठूनतरी आलं, एवढंच आठवत होतं," दादा म्हणाले. हे मात्र खरं होतं. पण खरं वाटण्याची वेळ टळून गेली होती.

त्यांनी भीत भीत लेकीकडे पाहिलं.

"म्हणजे नाव आत्याचं," लेक म्हणाली. "तरीच. मी पाच महिने विचार करतेय, बाबांना इतकं चांगलं नाव सुचलं कसं!"

"सोडणार का मग?" दादांनी पडेल आवाजात विचारलं.

"छे! पोटातल्याला सवय झालीय आता. आत्या, मीही तेच ठेवलं तर?"

"ठेव गं! चांगल्या नावाचे दोन मालक असले तर असू देत. तुझ्या बापाला तेवढं लिहायला बसव."

दादा लिहायला बसले. पहिला मसुदा असा: "काही वर्तुळांत असा समज पसरला होता की..."

"कुणी पसरवला?" वहिनींनी विचारलं आणि ओळ खोडली.

तिसऱ्या मसुद्यात मजकूर दोन ओळींवर आला. "नाव आजीने शोधलं. मी आधी हिणवलं आणि मग ढापलं. चूक माझी." दादा बाळासमोर उभे राहिले, कागद वाचला, हात जोडले, आणि जन्मात मारणार नव्हते ती हाक मारली. बाळाने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि जांभई दिली.

मंडळी गेल्यावर दादांचा राग पुन्हा वर आला. बहिणीवर काढायची सोय उरली नव्हती, म्हणून तो बायकोवर निघाला.

"कधीपासून वाचतेस माझ्या वह्या?"

"पहिल्यापासून. वाचायला दुसरं काही नसलं की."

दादांनी जमिनीवरच्या ढिगातून एक वही उचलली, दुसरी उचलली. प्रत्येकीच्या समासात तेच बारीक, सुबक शॉर्टहँड. 'आज जेवण अळणी.' समासात: 'खुलासा: जेवणात मीठ होतं. यांना सर्दी आहे.' 'पाहुण्यांना माझा किस्सा फार आवडला.' समासात: 'खुलासा: पाहुणे घड्याळ बघत होते.' पस्तीस वर्षं. पानामागून पान, खुलाशामागून खुलासा. ढिगाच्या तळाशी पहिली वही होती, वर्गाच्या दिवसांतली. 'पहिल्या बाकावरच्या मुलीशी बोललो. स्वभाव बरा. शॉर्टहँड बेताचं.' समासात: 'खुलासा: निकाल पाहावा.'

हे मात्र अती झालं. दादांनी पेन्सिल उचलली, समासाच्याही समासात 'खुलाशाला उत्तर' एवढं लिहिलं आणि त्याखाली संतापाने अशी रेघ ओढली की,

टक्.

"शार्पनर खालच्या खणात आहे," स्वयंपाकघरातून आवाज आला. "परीक्षेच्या दिवशीही माझ्याकडे होता. तुम्ही मागितलाच नाहीत."