मधला मॅक्रो

आमच्या धुळ्याच्या क्लासमधले नाना चहावाल्याला चहा स्वतः कधीच सांगत नाहीत. तो समोर उभा असतो, तरी नाना माझ्याकडे वळून म्हणतात, "मॅडम, त्याले सांगा, साखर कमी." तोही आता माझ्याकडेच बघून "बरं" म्हणतो.

मी शेजारच्या खोलीत गणित शिकवते. नाना सी लँग्वेज शिकवतात, आणि त्यातही त्यांचा जीव दोन हॅशच्या खुणेवर. ही खूण म्हणजे डिंक. मॅक्रोत, म्हणजे एका शब्दाजागी दुसरा मजकूर घालणाऱ्या सूचनेत, ती घातली की दोन्ही बाजूंचे शब्द चिकटून एक होतात. पोरं खूश होऊन थेट चिकटवतात आणि फसतात. 'क्रमांक' म्हणजे पाच, असं वर लिहिलेलं असतं. तरी 'खोली'ला 'क्रमांक' चिकटवला की खोली पाच मिळत नाही, नुसतं 'खोलीक्रमांक' होतं. मग नाना मजेत फळा पुसतात आणि मध्ये आणखी एक मॅक्रो घालतात. तो क्रमांकाचा आधी पाच करतो, मगच डिंकाकडे पाठवतो.

"बठ्ठं जुडस," नाना म्हणतात, "पन मधमा कोनीतरी लागस." म्हणजे सगळं जुळतं, पण मध्ये कोणीतरी लागतं.

हे ते कुठेही लावतात. चार्जर भिंतीतल्या प्लगला लावणार नाहीत, मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड हवाच. क्लासच्या मालक सरांकडे रजा मागायची तीही माझ्यामार्फत. मी जाम वैतागते.

घरी हे काम अक्का करायच्या, त्यांची बायको. मुलगा पुण्याला. फोन अक्कांच्या कानाला आणि नाना बाजूला बसून, "त्याले इचार, जेवना का?" जेवला का, एवढंच. बाप-लेक थेट बोललेच नाहीत कधी. उन्हाळ्यात अक्का गेल्या, आणि तेव्हापासून फोनही थांबले.

परवा दुपारी नाना मोबाइल घेऊन माझ्या खोलीत आले. "मॅडम, पोऱ्याले फोन लावता का? दिवाळीले येस का, इतलंच इचारा."

मी स्पीकरवर लावला, ओळख सांगितली, विचारलं. पलीकडून मग, "ताई, नानासले इचारा, गोया लेतस का?" गोळ्या घेतात का, म्हणून.

"लेस म्हना," नाना मला म्हणाले.

मला भरून आलं आणि रागही आला. अक्का जन्मभर अशाच मध्ये बसल्या असतील. "माझा तास आहे," म्हणून मी फोन टेबलावर ठेवला आणि उठले.

तास नव्हताच. मी दाराबाहेर उभी राहिले. फोनमधून नुसते रस्त्यावरचे हॉर्न येत होते. बऱ्याच वेळाने नाना माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "त्याले इचारा, जेवना का?"

फोनमधून आवाज आला, "जेवनू, नाना."