पंपाला ‘घ्या’ कोण म्हणालं?

नेतृत्व वरून खाली वाहतं आणि प्रश्न खालून वर चढतात. वाटेत या दोघांची गाठ पडू नये, यासाठीच आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केल्या जातात.

अशाच एका संस्थेत उपसंचालक नेतृत्व करत होते. (कोणाचं, हे पुनर्रचना संपल्यावर कळणार होतं.) त्यांनी आजवर एकही चुकीचा निर्णय घेतला नव्हता, बरोबर निर्णयही तितक्याच काटेकोरपणे टाळला होता. घरी बायकोनं भाजी कोणती करू विचारलं, तरी ते म्हणत, “आधी मुलांचं मत घे.” ‘आपण इथवर चढलो ते मान डोलावून,’ असं दाढी करताना ते स्वतःलाच सांगत, आणि आरशातली मान लगेच डोले.

एकदा विस्थापितांच्या छावणीतून इंजिनीअरबाईंचा फोन आला. “साहेब, पंप जळालाय. टाकीत परवापर्यंतचं पाणी आहे. नवा घेऊ का? हो की नाही, एवढंच सांगा.”

प्रश्न वर गेला. विभागप्रमुखांनी त्याचं स्वागत केलं. प्रादेशिक प्रमुखांनी त्याच्याकडे व्यापक दृष्टीनं पाहिलं. महासंचालकांनी ‘खरा नेता हाताखालच्यांवर विश्वास टाकतो’ असं म्हणून तो खाली सोडला, आणि पायऱ्या उतरत तो पुन्हा उपसंचालकांच्याच टेबलावर येऊन बसला. त्यांच्या खाली आता फक्त शिपाई होता, आणि तो रजेवर होता.

परवा उजाडला. पुन्हा फोन. “साहेब, लोक रिकामी भांडी घेऊन उभे आहेत हो!”

मागे कुणाचं तरी पोर रडत होतं. उपसंचालकांच्या तोंडून निघून गेलं, “घ्या.”

पाणी आलं. पंपासोबतच्या फोटोत झाडून सगळे नेते उभे राहिले. (पंप मावला नाही.) उपसंचालक तेव्हा वरच्या मजल्यावर खुलासा देत होते. पोर रडत होतं, हे कारण नियमांत बसत नव्हतं.

पुढे बाईंचा परत फोन आला. “साहेब, औषधं संपलीत. मागवू ना?” त्यांच्या आवाजात आता हक्क होता. उपसंचालकांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

“वर विचारून सांगतो, बाई,” ते म्हणाले. त्यांना बढती मिळाली.

काय हा भित्रा माणूस, असं तुमच्या मनात आलंच असेल. बोलूनही दाखवाल, म्हणा. आधी दुसरं कोणी म्हणतंय का, तेवढं बघून.